सिंकखालचे पाइप झाकायचं सामान: स्पेस-सेव्हर वेस्ट सेट आणि पीव्हीसी पॅनेल, काय घ्यावं आणि काय टाळावं

बहुतेक घरांत ओट्याखाली डोकावलं की एकच चित्र दिसतं. सिंकच्या बरोबर मधोमध लोंबणारा घडीचा वेस्ट पाइप, त्याचं टोक फरशीतल्या भोकात कोंबलेलं, भोवती चिंधीचा बोळा नाहीतर प्लास्टिकची पिशवी. मागे भिंतीवर दोन अँगल कॉक, म्हणजे पाणी बंद करायचे छोटे नळ, तिथून वर गेलेले ब्रेडेड कनेक्शन पाइप आणि आरओच्या बारीक नळ्यांचा गुंता. हे झाकायला बाजारात बरंच सामान मिळतं. त्यातलं काय खरंच उपयोगाचं, ते पाहू.

मत आधीच सांगतो. पैसे घालायचे ते स्पेस-सेव्हर वेस्ट सेटवर. पाइप मधून उठून मागच्या भिंतीला गेला की झाकण्याचं निम्मं काम तिथेच संपतं. उरलेल्यासाठी हाताने काढता येणारं डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या बोर्डाचं) किंवा भरीव पीव्हीसीचं पॅनेल लावावं. स्क्रू मारून कायमचं बंद केलेलं प्लायवूडचं खोकं मात्र कुणी फुकट करून दिलं तरी नको.

स्पेस-सेव्हर वेस्ट सेट

साध्या जोडणीत पाणी कपलिंगमधून, म्हणजे सिंकच्या भोकात बसवलेल्या जाळीच्या तोंडातून, सरळ खाली येतं, त्यामुळे सगळी जागा पाइपच अडवतो. या सेटमध्ये कपलिंगखाली लगेच काटकोनी वळण असतं. तिथून आडवा पाइप सिंकच्या बुडालगत मागे जातो आणि ट्रॅप, म्हणजे गटाराचा वास अडवायला थोडं पाणी धरून ठेवणारा भाग, भिंतीला चिकटून उभा राहतो. ओट्याखालची समोरची जागा पूर्ण मोकळी होते. कचऱ्याचा डबा, साबण-घासण्यांची ट्रॉली किंवा तेलाचा डबाही तिथे सहज बसतो. दार उघडल्यावर पाइप जवळपास दिसतच नाही, कारण तो सिंकच्या भांड्यामागे लपतो.

चांगले सेट पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे पीपीचे असतात, आणि आपल्या स्वयंपाकघरात हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. भाताची पेज, शेवयांचं पाणी, कुकरमधलं उकळतं पाणी आपण थेट सिंकमध्ये ओततो. घडीचा पीव्हीसी पाइप असल्या पाण्याने मऊ पडतो, मध्ये झोल येतो आणि त्या झोलात पेज व तेल साचून थिजतं. त्यातून प्रत्येक घडी म्हणजे खरकटं अडकायला एक खाच. सिंकला येणाऱ्या वासाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं. पीपी उकळतं पाणी सहन करतं आणि आतून गुळगुळीत असल्यामुळे त्यात कमी साचतं.

पीपीची एक खोड मात्र लक्षात ठेवा: त्याला सॉल्व्हंट सिमेंट धरत नाही. सेटचा जोड गळतोय म्हणून कुणी पीव्हीसीचं सोल्युशन लावायला निघालं तर थांबवा. हे सगळे जोड नट आणि निमुळत्या वॉशरचे असतात. गळती असेल तर वॉशर उलटा बसलाय, पाइप तिरका घुसलाय किंवा कापलेल्या टोकाला कीस राहिलाय. चौथं कारण क्वचितच निघतं.

विकत घेण्याआधी तीन मापं घ्या. पहिलं, सिंकचं भोक. साधारण ९० मि.मी. आणि ११४ मि.मी. अशी दोन मापं आढळतात, आणि एकाचं कपलिंग दुसऱ्याला बसत नाही. दुसरं, कपलिंगखालच्या आट्यांचं माप. नव्या बास्केट कपलिंगला दीड इंची आटे असतात आणि सेटही बहुतेक त्याच मापाचा येतो. जुन्या लहान जाळीच्या कपलिंगला सव्वा इंची असतात, तिथे अडॅप्टर तरी लागेल किंवा कपलिंगच बदलावं लागेल. कपलिंग जुनं असेल तर बदलूनच टाका. त्याच्या जाळीखाली चढलेला थर घासून पूर्ण निघत नाही.

तिसरं माप बहुतेकजण घेतच नाहीत आणि तिथेच फसतात. भिंतीतलं आऊटलेट फरशीपासून किती उंचीवर आहे? हिशेब करून पाहा. ओटा ३३ इंच, सिंक ८ इंच खोल, कपलिंगचे ३ इंच धरले तर पाणी बाहेर पडतं ते २२ इंचांवर. वळण आणि ट्रॅप मिळून आणखी ६ ते ८ इंच खातात. म्हणजे ट्रॅपचं तोंड १४ ते १६ इंचांवर येतं. आऊटलेट १२ इंचांच्या आसपास असेल तर उत्तम. १८ इंचांवर असेल तर पाणी चढून जाणार नाही, सेट कितीही महागाचा आणा. १० इंच खोल सिंक असेल तर हे गणित आणखी दोन इंचांनी बिघडतं.

जुन्या इमारतींमध्ये भिंतीत आऊटलेट नसतंच, ओट्याखाली कोपऱ्यात नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतला जाळीचा ट्रॅप असतो. अशा ठिकाणी सेटच्या तोंडापासून ४० मि.मी.चा सरळ कडक पाइप भिंतीलगत खाली आणा, एल्बो घालून नहाणी ट्रॅपपर्यंत न्या आणि भिंतीला क्लॅम्प मारा. इथे एक तांत्रिक गोम आहे. नहाणी ट्रॅपमध्ये पाणी साठून स्वतःचा वॉटर सील तयार असतो. वर सेटचाही ट्रॅप आला आणि खालचा जोड रबर रिंगने हवाबंद केला, की दोन पाण्यांच्या मध्ये हवा कोंडते. सिंक गुडगुड आवाज करत हळूहळू रिकामं होतं, आणि पाइप तुंबला समजून लोक अ‍ॅसिड ओतत बसतात. पाइपचं टोक नहाणी ट्रॅपच्या जाळीतून मोकळं सोडलेलं असेल तर हा त्रास होत नाही. हवाबंदच करायचं असेल तर दोन्हींपैकी एकच ट्रॅप ठेवा.

बसवताना

आधी सगळं कोरडं जुळवून पाहा, मग कापा. आडवा पाइप बारीक दाताच्या हॅकसॉने काटकोनात कापा आणि कडेचा कीस पॉलिश पेपरने पूर्ण काढा. पाइपवर आधी नट सरकवा, मग वॉशर. वॉशरची निमुळती बाजू ज्या तोंडात पाइप जाणार त्या दिशेला हवी. पाइप आत १५ ते २० मि.मी. जाऊ द्या. नट हाताने घट्ट करा, फार तर वर पाव फेरा. पान्याने जोर लावला की प्लास्टिकच्या नटाला केसासारखी चीर जाते. ती त्या दिवशी दिसत नाही, आठवड्याभराने थेंब पडू लागतात. या नटांच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची गरज नाही. पाणी वॉशर अडवतो, आटे नाहीत.

आडव्या पाइपला भिंतीकडे उतार हवाच. ४० ला १ हे प्रमाण पुरतं, म्हणजे एक फुटाला ७-८ मि.मी. उलटा उतार राहिला तर पेजेचं पाणी पाइपातच मुक्काम करतं.

कपलिंग बसवताना सिंकची कड आतून-बाहेरून कोरडी पुसून घ्या, जुना सील खरवडून काढा. रबर वॉशर पत्र्याच्या खाली, वर कपलिंगच्या ओठाखाली सॅनिटरी सिलिकॉनची बारीक, अखंड रेघ. सिंकचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असतो, त्यामुळे नट आवळत राहिलात तर रबर बाहेर फुगतो आणि एका बाजूला फट पडते. सिलिकॉन २४ तास सुकू द्या. एम-सील थापून कपलिंग पक्कं करण्याची पद्धत सर्रास आहे, ती सोडायला हवी. पुढच्या वेळी कपलिंग काढताना ते फोडावं लागतं आणि त्यात सिंकचा पत्रा वाकतो.

सेटला बाजूला एक छोटी तोटी असते, आरओचं वाया जाणारं पाणी किंवा डिशवॉशरचा पाइप जोडायला. काही सेटमध्ये ही तोटी आतून पातळ पडद्याने बंद असते आणि वापरायची असल्यास तो आधी भोक पाडून उघडावा लागतो. न उघडता डिशवॉशर जोडला तर पाणी परत मशीनमध्ये तुंबतं. वापरायची नसेल तर टोपी वॉशरसकट घट्ट लावा. टोपीचा वॉशर पिशवीतच राहून जाणं हे गळतीचं नेहमीचं कारण आहे.

उणी बाजूही सांगायला हवी. घडीच्या पाइपला दोनच जोड असतात, इथे सहा ते आठ. जितके जोड तितक्या गळतीच्या जागा. आडव्या भागात तूप-तेल थिजतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी ट्रॅपचं खालचं भांडं उघडून धुवावं लागतं. खाली बादली ठेवली की दहा मिनिटांचं काम. अ‍ॅसिड अजिबात नको, स्टीलच्या कपलिंगला त्याने बारीक खड्डे पडतात. स्वस्त सेटचे वॉशर कडक असतात आणि नटाची भिंत पातळ. दुकानातच नट बोटांनी दाबून पाहा. सहज लंबगोल होत असेल तर तो सेट परत ठेवा. बऱ्या प्रतीचा सेट साधारण ७०० ते १,५०० रुपयांत येतो. त्याच वेळी ४० मि.मी.चे चार-सहा निमुळते वॉशर जास्तीचे घ्या, कारण गल्लीतल्या हार्डवेअरमध्ये ते सुटे मिळतीलच असं नाही.

पाणी येण्याची बाजू

वेस्ट पाइप मागे गेला तरी अँगल कॉक आणि कनेक्शन पाइप उरतातच. झाकण्याआधी कनेक्शन पाइप बदलून घ्या. बाहेरची स्टीलची वेणी चकचकीत असली तरी आतली रबर नळी जुनी होते, आणि पॅनेलमागे ती फाटली तर दिसणार नाही. कॉकपासून नळापर्यंतचं अंतर मोजून १८ किंवा २४ इंची घ्या. आखूड पाइप ताणून बसवू नका, लांब पाइपला तीव्र वळण देऊ नका. नटाच्या मुळाशी वाकलेला पाइप तिथेच फुटतो. कनेक्शन पाइपच्या नटात रबर वॉशर असतोच, तिथे टेफ्लॉन नको. टेफ्लॉन लागतो तो अँगल कॉक भिंतीत फिरवताना, आट्यांच्या दिशेने दहा-बारा वेढे.

भिंतीवरून उघडी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपची लाइन गेली असेल तर ती झाकूच नका, बदला. गंज आतून खातो. बाहेर रंग लावलेला पाइप ठणठणीत दिसतो आणि आट्याच्या जागी मात्र कागदासारखा झालेला असतो. गिझरचं पाणी येत असेल तर सीपीव्हीसीच हवा. साधा यूपीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही. नवी लाइन भिंतीला सरळ चिकटवून दर दोन फुटांवर क्लॅम्प मारा. निम्म्या वेळा नीट मारलेली लाइन इतकी बरी दिसते की झाकायची गरजच उरत नाही.

भिंत फोडून पाइप आत घ्यावेत का? पूर्ण स्वयंपाकघर नव्याने करत असाल तरच. चार इंची भिंतीत आडवी खाच मारणं म्हणजे भिंत अर्धी करणं. मिव्हानच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतून बांधलेल्या इमारतीत तर सगळ्या भिंती काँक्रीटच्या, तिथे छिन्नी लावायचीच नाही. जिथे शक्य आहे तिथेही प्लास्टर करण्याआधी लाइनची प्रेशर टेस्ट झालीच पाहिजे. नुसत्या पाइप झाकण्यासाठी एवढा व्याप करणं आम्हाला पटत नाही.

पॅनेल आणि शटर

इथे चार प्रकारचा माल समोर येतो. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ सिंकखाली वापरायचाच नाही. एकदा पाणी लागलं की फुगतो आणि पुन्हा बसत नाही. बीडब्ल्यूपी प्लायवूड, म्हणजे पाण्याला टिकणारं, आयएस ७१० चा शिक्का असलेलं, चांगलं टिकतं, पण पाइपसाठी पाडलेल्या भोकाची कड उघडी राहते आणि ओल तिथून शिरते. पोकळ पीव्हीसी शीट हलकी आणि स्वस्त. तिला पाण्याचं भय नाही, पण बिजागरीचा स्क्रू पोकळीत धरत नाही आणि वर्षभरात दार लोंबतं. भरीव डब्ल्यूपीसी किंवा पीव्हीसी फोम बोर्ड सगळ्यांत योग्य. पाणी पीत नाही, वाळवी लागत नाही, लाकडाच्याच हत्याराने कापता येतो. दारासाठी १८ मि.मी. आणि आतल्या मागच्या पॅनेलसाठी ८ ते १२ मि.मी. जाडी पुरते. एकच पथ्य: शेगडीच्या आचेपासून दूर.

आतलं पॅनेल, म्हणजे पाइपांच्या पुढ्यात उभं राहणारं, कसं कापता यावर त्याची सगळी उपयुक्तता ठरते. पाइपसाठी गोल भोक पाडलं तर पॅनेल काढायला पाइप सोडवावा लागतो. त्याऐवजी खालच्या कडेपासून वरपर्यंत इंग्रजी यू उलटा धरावा तशी खाच कापा. पाइपपेक्षा ५ मि.मी. रुंद. मग पॅनेल वरून सरकवून बसतं आणि उचललं की निघतं. बसवायला स्क्रू नको, दोन बाजूंना लोहचुंबकाचे कॅच पुरतात. प्लंबर आला की एका मिनिटात सगळं उघडं व्हायला हवं. अँगल कॉकसमोर तर हात सहज जाईल असा चौकोनच सोडा, कारण नळ तुटल्यावर पहिली धाव तिकडेच असते.

पॅनेलचं बूड फरशीपासून इंचभर वर ठेवा. गळती झाली तर पाणी लगेच बाहेर दिसतं आणि फरशी पुसताना कड भिजत नाही. दाराला खाली-वर झरोक्याची जाळी हवी. कोंदट ओट्याखाली कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात चार दिवसांत बुरशी धरते.

कडप्प्याच्या ओट्याला दाराची चौकट बसवताना ड्रिलचा हॅमर मोड (ठोके देणारा) बंद ठेवूनच भोकं पाडा. कडप्पा थराथरांचा दगड, धक्क्याने त्याचे पापुद्रे सुटतात. कडेपासून किमान दोन इंच आत, आधी बारीक बिट, मग मोठा. अ‍ॅल्युमिनियमची चौकट हलकी असेल तर सिलिकॉनवरही छान बसते. बिजागऱ्या एसएस ३०४ च्याच, म्हणजे सहसा न गंजणाऱ्या स्टीलच्या मागा. नुसता मुलामा दिलेल्या लोखंडी बिजागऱ्या सिंकखाली एका पावसाळ्यात गंजतात. दुकानात चुंबक लावून पाहा. जोरात चिकटला तर ते ३०४ नव्हे.

फरशीतल्या भोकाभोवतीची फट बुजवायला पाइपच्या मापाचा रबर कॉलर मिळतो, तो बसवा. पाइप आऊटलेटमध्ये सैल असेल तर झुरळांचा रस्ता तोच. उंदरांचा त्रास असेल तर कॉलरखाली स्टीलची घासणी दाबून भरा.

ओट्याखाली सिलिंडर असेल तर वेगळी काळजी लागते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर तळाशी साचतो. त्या कप्प्याच्या दाराला तळाशी मोठी जाळी हवीच, पूर्ण बंद दार चालणार नाही. पाइप गॅसची लाइन आणि तिचा व्हॉल्व्ह कुठल्याही पॅनेलमागे घालू नका.

बाकीचं सामान

स्प्रिंगच्या तारेवरचा पडदा स्वस्त पडतो आणि भाड्याच्या घरात चालून जातो. कापडी नको, शिंतोड्यांनी वास मारतो. प्लास्टिकची पाइप केसिंग कोपऱ्यातल्या उभ्या लाइनपुरती ठीक, वळणांवर तिचे तुकडे नीट जुळत नाहीत. मध्ये खाच असलेली सिंक ट्रॉली छान दिसते, पण स्पेस-सेव्हर बसवल्यावर साधी अखंड ट्रॉलीही मावते आणि ती स्वस्तही पडते. म्हणून आधी सेट, मग ट्रॉलीचं माप.

पॅनेल लावण्याआधी

सिंकची जाळी बंद करून ते काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. नळ चालू ठेवून केलेली तपासणी पुरत नाही, भरलेल्या सिंकचा लोंढाच जोडांची खरी परीक्षा घेतो. प्रत्येक नटाभोवती कोरडा टिश्यू फिरवा, खाली वर्तमानपत्र अंथरा. कागदावरचा ओला ठिपका कुठला जोड गळतोय ते नेमकं दाखवतो. मग हेच उकळत्या पाण्याने करा, कारण तापल्यावर वॉशर सैल पडू शकतात. त्यानंतर नट पुन्हा एकदा हाताने तपासा. अँगल कॉककडची बाजू रात्रभर तशीच उघडी ठेवा. वरची टाकी भरलेली असताना दाब जास्त असतो, दुपारच्या कमी दाबात न दिसलेली गळती पहाटे दिसते. वर्तमानपत्र सकाळी कोरडं निघालं तरच पॅनेल उचला.

भाड्याचं घर असेल तर जुनं कपलिंग आणि घडीचा पाइप धुऊन पिशवीत ठेवून द्या. घर सोडताना ते परत लावून सेट सोबत नेता येतो, फक्त नव्या ठिकाणी आऊटलेटची उंची मोजून घ्या आणि वॉशर नवे घाला.